धुलाई यंत्रातील कुबट वास

चातुर्मासात घरातील धुणे वाढते आणि नेमकी त्याच महिन्यांत हवेतील ओलही वाढते. पाहुण्यांची ये-जा, वरचेवर बदलाव्या लागणाऱ्या चादरी, दुकानातून भिजून आलेले शर्ट, लहान मुलांचे गणवेश, हे सारे यंत्राच्या पोटात जाते आणि तासाभराने धुऊन, पिळून बाहेर येते. मात्र एखाद्या दिवशी स्नानानंतर अंग पुसताना टॉवेलला वास येतो. तो वास घामाचा नसतो, साबणाचाही नसतो. बंद कोठारात राहिलेल्या ओल्या गोणपाटासारखा तो कुबट वास असतो. एकदा तो नाकाला ओळखीचा झाला की रुमालात, उशीच्या अभ्र्यात, बनियनच्या काखेत सर्वत्र जाणवू लागतो.

अशा वेळी घरात पहिला संशय माणसांवर जातो. कपडे नीट वाळत घातले नाहीत, असे सासूबाईंचे मत पडते. या महिन्यात आणलेली पावडर हलकी आहे, असे सूनबाईंना वाटते. घरकामाच्या बाई कपडे दोरीवर दाटीने टाकतात, हे तिसरे निदान. कापडाच्या किंवा सराफीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्याला तर हा विषय अधिक बोचतो, कारण अंगरख्याला वास येत असेल तर गिऱ्हाईक तसे तोंडावर सांगत नाही. ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. शेवटी कोणीतरी समोरून उघडणाऱ्या यंत्राचे दार उघडून नाक आत नेते आणि मग उलगडा होतो की कपडे यंत्राला नव्हे, तर यंत्र कपड्यांना वास लावीत आहे.

इथवर पोचल्यावर बहुतेक घरांत जो उपाय होतो तो रोगाला खतपाणी घालणारा असतो. पावडर दीडपट होते, वर सुगंधी मऊकारक द्रव ओतला जातो. दोन-तीन धुणी बरी जातात आणि मग वास दुप्पट वेगाने परत येतो. काही घरे डांबरगोळ्या टाकून पाहतात, काही अगरबत्तीही लावतात. त्यानंतर जुने यंत्र देऊन नवे घेण्याची भाषा सुरू होते. वास्तविक यंत्र बिघडलेले नसते. त्याच्या रचनेत एक सोय आहे आणि तिची किंमत म्हणून एक खोड आहे. ती सोय आणि ती खोड दोन्ही समजली तर वास जातो, आणि तो परत येऊ न देणे हे तर त्याहून स्वस्त पडते.

समोरून उघडणाऱ्या यंत्रात, म्हणजे ज्याला सारे फ्रंट लोड म्हणतात त्यात, दोन पिंपे असतात. आतले पिंप पोलादी, भोकाभोकांचे, कपडे घोळवणारे. ते डोळ्यांना दिसते आणि नेहमी चकचकीत असते. बाहेरचे पिंप प्लॅस्टिकचे, पाणी धरून ठेवणारे. ते कधीच दिसत नाही. दोहोंच्या मधल्या फटीत हात जात नाही की ब्रश जात नाही. आतल्या पिंपाला मागून आधार देणारी तीन पायांची धातूची चौकट याच अंधाऱ्या जागेत फिरत असते. तिच्या खाचांत साबणाचा चिकटा, कपड्यांची रुंवे, अंगावरील तेल आणि पाण्यातील क्षार मिळून राखी रंगाचा बुळबुळीत थर साचतो. धुण्याचे शेवटचे पाणी पंपाने बाहेर फेकले, तरी तळाशी, पंपाच्या गाळणीपाशी आणि नळीच्या वळणात थोडे पाणी मागे राहतेच. दाराभोवतीच्या जाड रबरी कडीच्या घडीतही पेलाभर पाणी सहज थांबते.

दार आडवे, खालच्या अंगाला असल्यामुळे ते पाणी न सांडता बंद व्हावे लागते. म्हणून ही रबरी कड इतकी घट्ट बसते की आतून पाणी बाहेर येत नाही आणि बाहेरून वाराही आत जात नाही. वरून उघडणाऱ्या यंत्राचे झाकण नुसते टेकलेले असते. त्यातून ओल हळूहळू उडून जाते. फ्रंट लोडचे दार धुणे झाल्यावर लावून टाकले की आत राहतो तो अंधार, ओल आणि साबणाचा चिकटा. बुरशीला याहून सुखाची जागा कोणती?

मग युरोपातील घरांनी हीच यंत्रे इतकी वर्षे तक्रारीविना कशी वापरली, असा प्रश्न पडेल. समोरून उघडणारे यंत्र नवे नव्हे. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित धुलाई यंत्र लोकांपुढे आणले तेही समोरूनच उघडणारे होते. ते इतके हादरे की जमिनीला बोल्टने जखडावे लागे. युरोपात पुढे या जातीच्या यंत्रांत पाणी तापविण्याची सोय आली आणि पांढरे सुती कपडे, चादरी, टॉवेल ९० अंशांच्या पाण्यात धुण्याचा तिकडे परिपाठच पडला. त्या कढत पाण्याने कपड्यांबरोबर यंत्राचे आतले अंगही आठवड्यातून एकदा आपोआप निघे. नंतर थंड पाण्यात काम करणारी पाचकद्रव्ययुक्त पावडर आली, विजेची बचत हा विषय महत्त्वाचा झाला, आणि धुणे ६० वरून ४० वर, ४० वरून ३० अंशांवर उतरले. पाणीही कमी लागू लागले. कपडे स्वच्छ निघत राहिले. यंत्राचे मात्र स्नान थांबले.

आपल्याकडे तर पुष्कळ घरांत पाणी तापविण्याचे बटण यंत्र विकत घेतल्यापासून एकदाही दाबलेले नसते. पंधरा मिनिटांचा झटपट कार्यक्रम, थंड पाणी, भरपूर फेस आणि वर सुगंधी द्रव, हा नित्याचा क्रम. यातले प्रत्येक पाऊल एकेकटे निरुपद्रवी आहे. चारही एकत्र आली की मागच्या पिंपावर दर धुण्याला एक पातळ थर चढतो. खातेवहीत जुनी बाकी न उतरवता पुढे ओढत राहावी, तसा तो साचत जातो.

या थरात बुरशीप्रमाणे जिवाणूही असतात. साबणाचा चिकटा आणि अंगावरील तेल हे त्यांचे अन्न. ओल्या कपड्यांना येणाऱ्या त्या विशिष्ट वासाचा माग जपानी संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लावला. त्यांना त्यामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आढळला. कपड्याला चिकटलेल्या तेलातून तो वास मारणारे आम्ल तयार करतो, आणि कपडा वाळला तरी तो सगळा नष्ट होत नाही. यावरून घराघरांतले एक कोडे सुटते. कपाटातून काढलेल्या कोरड्या रुमालाला वास नसतो, पण दुपारी त्याने घाम टिपला की तोच रुमाल नाकाजवळ नेववत नाही. रुमाल धुतला गेला होता, वाळलाही होता. वास त्याच्या धाग्यांत झोपलेला होता, एवढेच.

अमेरिकेत या वासावरून मोठे कोर्टकज्जे झाले. तिकडे फ्रंट लोड यंत्रांचा खप वाढल्यावर हजारो ग्राहकांच्या वतीने कंपन्यांवर सामूहिक दावे लावले गेले. रचनेतच दोष आहे, असे ग्राहकांचे म्हणणे. अशा एका गाजलेल्या दाव्यात ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथील ज्यूरीने ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला. न्याय कोणाकडे होता हा वाद बाजूला ठेवला तरी व्यापारी माणसाच्या लक्षात येणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या दोषाची निगा दोन मिनिटांच्या पुसण्याने राखता येते, तो दोष विकताना कोणी ठळक अक्षरांत सांगत नाही. तो माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर छापलेला असतो, आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत हमीपत्राला टाचून कपाटाच्या तळाशी पडलेली असते. ती आधी बाहेर काढावी. पुढे जे सांगितले आहे त्यात आणि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत कुठे फरक पडला, तर पुस्तिकेचे ऐकावे.

सफाईला हात घालण्यापूर्वी वास नेमका कोठून येतो हे ठरवावे. रात्रभर दार बंद ठेवून सकाळी, यंत्र सुरू करण्याआधी, क्रमाने हुंगून पाहावे. आधी पावडर टाकण्याचा खण, मग दाराची रबरी कड, मग खाली कोपऱ्यातील गाळणीचे झाकण, आणि शेवटी भिंतीपाशी जिथे निचऱ्याची नळी सोडलेली असते ती जागा. ही शेवटची जागा सहसा कोणाला सुचत नाही. पुष्कळदा वास यंत्राचा नसून गटाराचा असतो. जमिनीतील नहाणी ट्रॅपमध्ये पाणी टिकून राहिले तर गटाराची हवा वर येत नाही. तो सुकला, किंवा नळी भिंतीतल्या पाइपात नुसतीच घुसवून ठेवली, की तीच हवा नळीवाटे यंत्रात चढते. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतून तासाभराने पुन्हा हुंगावे. वास गेला असेल तर दोष प्लंबरच्या कामाचा आहे आणि यंत्रात कितीही पावडरी ओतून उपयोग नाही. नळीचे टोक पाण्यात बुडालेले नसावे आणि नळी पुस्तिकेत दाखविलेल्या उंचीपर्यंत वर जाऊन मग खाली उतरलेली असावी, म्हणजे बाहेर गेलेले घाण पाणी मागे ओढले जात नाही.

खणापासून सुरुवात करणे सोयीचे. आतली कळ दाबली की तो पूर्ण बाहेर निघतो. मऊकारक द्रवाच्या कप्प्यावरील टोपी काढली की खाली बहुधा जेलीसारखा गुलाबी-काळा थर दिसतो. खण गरम पाण्यात बुडवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावा. मात्र खण घासून परत बसविला की काम झाले, असे समजू नये. खण जिथे बसतो त्या पोकळीच्या छतावर पाण्याची भोके असतात आणि काळी बुरशी तिथे उलटी लटकत वाढते. टॉर्च लावून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

गाळणीचे काम किळसवाणे खरे, पण अर्धा वास पुष्कळदा तिथेच सापडतो. यंत्राचे बटण बंद करून प्लग काढावा, खाली पसरट परात ठेवावी, बारीक नळी असल्यास तिच्यातून आधी पाणी सोडावे आणि मग चाकी हळूहळू उलटी फिरवावी. गरम धुणे नुकतेच झाले असेल तर थांबावे, कारण ते पाणी हात भाजून काढते. आत काय निघेल याचा नेम नसतो. सुटी नाणी, सेफ्टी पिन, बटणे, नवकारवाळीचा एखादा निसटलेला मणी. मंदिरातून येताना खिशात राहिलेले तांदळाचे दाणे तर हमखास. ते पाण्यात फुगून, कुजून तिथे बसतात आणि त्यांच्यासारखा वास दुसऱ्या कशाला येत नाही. कपडे टाकण्यापूर्वी खिसे झटकण्याची सवय केवळ एवढ्याचसाठी लावली तरी पुरे.

रबरी कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून तिची घडी उलगडावी. सगळ्यात खालच्या भागात केस, रुंवे आणि चिकट पाणी यांचा गाळ असतो. तो आधी कोरड्या फडक्याने काढून टाकावा. काही यंत्रांत तिथेच पाणी निथळण्याची बारीक भोके असतात. ती बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. त्यानंतर ऑक्सिजनयुक्त ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात विरघळवून त्यात जुने सुती फडके भिजवावे आणि ते घडीत अर्धा तास दाबून ठेवावे. हातात रबरी मोजे असावेत. मग घासून, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. काळे ठिपके रबरात खोल मुरलेले असतील तर वास गेल्यावरही डाग राहतील. त्यासाठी रबर खरवडू नये. फाटलेली कड गळू लागते आणि मग ती बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

आता मुख्य काम, न दिसणाऱ्या पिंपाचे. यंत्र पूर्ण रिकामे ठेवून पिंपात अर्धी वाटी सोडियम परकार्बोनेट टाकावे आणि सर्वांत गरम सुती धुण्याचा कार्यक्रम लावावा, ९० अंशांचा असल्यास तो. पुष्कळ यंत्रांवर यासाठी टब क्लीन किंवा ड्रम क्लीन असे वेगळे बटणच असते. ते असेल तर तेच वापरावे. परकार्बोनेट नसेल तर धुण्याचा सोडाही चालतो, त्याने साबणाचा व तेलाचा चिकटा सुटतो. अशा एका फेरीला साधारण दीड ते दोन युनिट वीज लागते. सुगंधी द्रवाच्या महिन्याभराच्या बाटलीशी तिची तुलना ज्याने त्याने करून पाहावी. फेरी चालू असताना काचेतून राखी पाणी आणि काळ्या पापुद्र्यांचे तुकडे दिसले तर घाबरू नये, ते निघावेत म्हणूनच हा खटाटोप आहे. पापुद्रे दिसेनासे होईपर्यंत साध्या पाण्याच्या एक-दोन फेऱ्या द्याव्यात आणि गाळणी पुन्हा एकदा उघडून पाहावी. वर्षानुवर्षांचा थर असेल तर तो एका फेरीत जात नाही. आठवड्याने हेच पुन्हा करावे.

जिथे बोअरवेलचे जड पाणी वापरले जाते तिथे थरात चुनाही असतो. चुन्यावर सोड्याचा इलाज चालत नाही, त्याला आम्ल लागते. त्यासाठी वेगळ्या दिवशी, वेगळ्या फेरीत सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, वापरावे. सोडा आणि आम्ल एकाच वेळी टाकले तर दोघेही एकमेकांना निकामी करतात. फेस छान उसळतो, सफाई काही होत नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बेकिंग सोडा व व्हिनेगरच्या नुस्ख्याचे रहस्य एवढेच आहे. शिवाय व्हिनेगर वरचेवर वापरले तर रबराला ते मानवत नाही.

एक गोष्ट मात्र निव्वळ वाया जाण्याची नाही, धोक्याची आहे. बाटलीत मिळणारे क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात त्याने श्वास कोंडतो, फुप्फुसांना इजा होते. अमोनिया असलेल्या सफाईद्रव्याबरोबरही तेच. यंत्रात आधीच्या फेरीतले आम्लयुक्त पाणी तळाशी उरलेले असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे मागून ब्लीच ओतण्यातला धोका कळेल. घरात वृद्ध, दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर क्लोरीनचे ब्लीच या कामाला न वापरणेच शहाणपणाचे.

जैन घरात या साऱ्या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. बुरशी हा इथे निर्जीव मळ मानला जात नाही. ती अनंतकायात मोडते. म्हणूनच पावसाळ्यात पापड, लोणचे, पीठ, मिठाई यांवर फूग धरू नये अशी दक्षता पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते, ओली फडकी चुरगळून ठेवू दिली जात नाहीत, मोरीचा कोपरा कोरडा राखला जातो. बुरशी वाढू द्यायची आणि मग कढत पाण्याने मारायची, हा क्रम दर महिन्याला चालविणे त्या आचाराशी जुळत नाही. जयणेचा रोख वाढ होण्यापूर्वीच्या काळजीवर आहे. यंत्रज्ञही, त्याच्या वेगळ्या कारणांसाठी, हेच सांगतो. एकदा यंत्र स्वच्छ झाल्यावर त्याला पुन्हा पुन्हा उकळण्यापेक्षा कोरडे ठेवणे अधिक परिणामकारक असते.

कोरडे ठेवण्यासाठी लागणारा वेळ दोन मिनिटांचा आहे. दिवसाचे शेवटचे धुणे झाल्यावर यंत्राच्या बाजूला अडकवलेले कोरडे फडके घेऊन रबरी कडीची घडी, काचेची आतली बाजू आणि पिंपाचे तोंड पुसावे. खण बाहेर ओढून ठेवावा. दार चार बोटे उघडे ठेवावे. फडके यंत्राजवळच टांगलेले असणे महत्त्वाचे. ते शोधावे लागले तर तिसऱ्या दिवशी ही शिस्त मोडते, असा सगळ्याच घरांचा अनुभव असावा. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने नुसते दार उघडे ठेवून भागत नाही, पुसणे त्या दिवसांत अधिक आवश्यक असते. यंत्र बंदिस्त न्हाणीघरात असेल तर तेथील पंखा थोडा वेळ चालू ठेवावा.

दार उघडे ठेवण्यात एक खरी अडचण आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. एकत्र कुटुंबात रांगणारी, लपाछपी खेळणारी मुले असतात. लहान मूल पिंपात शिरून दार ओढले गेले तर आतून ते उघडत नाही, हवाही खेळत नाही. अशा दुर्घटना जगात घडलेल्या आहेत. मुले लहान असतील तर यंत्राची खोलीच बाहेरून कडी लावून ठेवावी. ते जमत नसेल तर कड आणि काच नीट कोरडी करून, रात्री मुले झोपल्यावर दार उघडावे आणि सकाळी लावावे. दार किंचित उघडे राहील पण पूर्ण उघडणार नाही अशी अडसराची कडीही बाजारात मिळते. ती बसविताना काचेला किंवा रबराला ती घासत नाही ना, हे पाहावे. मुलांसाठी असलेले चाइल्ड लॉकचे बटण बहुधा फक्त यंत्राच्या कळा गोठविते, दार उघडण्याला त्याचा अटकाव होत नाही. त्यावर विसंबू नये.

धुण्याच्या वेळेचाही विचार करावा. रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर यंत्र लावले जाते, धुणे मध्यरात्री संपते आणि कपडे सकाळपर्यंत पिळलेल्या गोळ्याने आतच पडून राहतात. जिवाणूंना हे सहा-सात तास पर्वणीच होत. यंत्रावर उशिरा सुरू होण्याची कळ असते. ती लावून धुणे पहाटे, घर जागे होण्याच्या सुमारास संपेल असे करावे. मळके कपडे साठविण्याची टोपली म्हणून पिंपाचा उपयोग करणेही बंद व्हावे. घामाचा शर्ट बंद पिंपात दोन दिवस राहिला की सफाईचा सगळा लाभ तिथेच बुडतो.

पावडरीचा हिशेब घरात सर्वांत अवघड जातो, कारण फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत हाताने धुण्याच्या काळापासून पक्की आहे. फ्रंट लोड यंत्रात कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्याने मळ निघतो. फेस फार झाला तर तो गादीसारखा मध्ये येतो, आपटणे मऊ पडते आणि उरलेला साबण पाण्यात न वाहता मागच्या पिंपावर बसतो. म्हणून फ्रंट लोडसाठी असलेली, कमी फेसाची पावडरच वापरावी आणि पुड्यावर लिहिलेल्या मापाने, मोजून. शेवटच्या खळबळीच्या वेळी काचेवर फेस दिसत असेल तर माप कमी करावे. मऊकारक द्रव तेलकट असतो. टॉवेलांना तो घालूच नये, त्याने टॉवेल पाणी टिपेनासे होतात. आठवड्यातून एक धुणे, टॉवेल, पंचे, पांढऱ्या चादरी यांचे, ६० अंशांच्या पाण्यात करावे. त्याने कपडे आणि यंत्र दोन्ही निघतात आणि रिकाम्या यंत्राला कढविण्याची पाळी क्वचितच येते.

यंत्र सुधारले तरी आधीचे वासाळलेले कपडे उरतातच. ते स्वच्छ यंत्रात तसेच टाकले तर वास पुन्हा फिरू लागतो. सुती टॉवेल, रुमाल, बनियन परकार्बोनेट घातलेल्या गरम पाण्यात दोन-तीन तास भिजत ठेवावेत आणि मग ६० अंशांवर धुवावेत. रेशमी व लोकरी वस्त्रांना परकार्बोनेट लावू नये, त्याने त्यांचा धागा खराब होतो. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी थेंबभर लावून रंग सुटतो का ते पाहावे. पूजेची वस्त्रे पुष्कळ घरांत अजूनही वेगळी, हातानेच धुतली जातात. ती या फेऱ्यात सापडत नाहीत, पण दमट खोलीत वाळली तर त्यांनाही वास धरतो. दोरीवर दोन कपड्यांत वितभर अंतर आणि वर पंखा, एवढी सोय पावसाळ्यात सगळ्याच कपड्यांची व्हायला हवी. पूर्ण न वाळलेला कपडा इस्त्रीने वाळवून कपाटात ठेवल्यास कपाटही कुबट होते.

दोन कढत फेऱ्या, खण, गाळणी, कड आणि ट्रॅप इतके सगळे होऊनही महिन्याभरात वास परतला, तर तंत्रज्ञाला बोलवावे. त्याला नुसते 'वास येतो' असे न सांगता आतापर्यंत काय केले ते क्रमाने सांगावे. अन्यथा तो पिशवीतून सफाई पावडरीचे पाकीट काढून देईल आणि भेटीचे पैसे घेऊन जाईल. त्याने पंपाची नळी सोडवून पाहावी, तळाशी पाणी जास्त साचते का ते तपासावे, यंत्र चारही पायांवर समतल उभे आहे का ते पाहावे, आणि पिळताना मागून खडखड येत असेल तर पिंपामागील चौकट गंजली आहे का याचा अंदाज घ्यावा. कड बदलायची ठरली तर जुनी कड काढल्यावर आतील कडा दिसते. ती स्वच्छ पुसल्याखेरीज नवी कड बसवू देऊ नये, आणि बदललेल्या भागाची हमी बिलावर लिहून घ्यावी.